दिव्यासाठी उजेड आरपार जाणारी चिनी माती कोणती घ्यावी?

चोपड्याची लेक

नमस्कार. आमचं घरचं कुंभारकाम. आखाजीला पितरांच्या घागरीवर डांगर ठेवतात ना, त्या घागरी वडील अजूनही चाकावर करतात. मी दोन वर्षांपासून दिव्यांच्या मागे लागले आहे. डोक्यात एकच वस्तू आहे: वीतभर उंच शेड, तिच्या अंगावर केळीच्या पानाच्या शिरा. आत बल्ब लावला की पान उजळावं आणि शिरा गडद दिसाव्यात. केळीच्या बागेत पानाखाली उभं राहून वर बघितलं की दिसतं तसं.

सहा महिन्यांपूर्वी 'पोर्सिलेन' म्हणून २५ किलोची गोणी मागवली. वडिलांनी चिमूटभर हातात घेऊन विचारलं, "हाई माटी शे का मैदा?" चाकावर मात्र छान चढली. भाजून पांढरीशुभ्र निघाली, टिचकी मारली की खणखणते. आत दिवा लावला तर उजेड फक्त वरच्या तोंडातून बाहेर. मागे हात धरला तर बोटांची सावलीसुद्धा दिसत नाही. भिंत ४ मिमी होती. विकणारा म्हणाला, पातळ करा. अडीच मिमी केली, तर दोन शेड भट्टीत कलल्या आणि तिसरीच्या काठाला तडा गेला.

भट्टी विजेची आहे, १२५० अंशांपर्यंत जाते, त्यावर नाही. बोन चायना, बाहेरदेशातली तयार पोर्सिलेन, नाहीतर दुसरी एखादी देशी माती, असे तीन रस्ते दिसतात. पैसे एकदाच घालता येतील. काय घेऊ?

भुसावळकर

ताई, बोन चायना घ्या. तिच्याइतका उजेड दुसरी माती सोडत नाही. निम्मी हाडांची राख, उरलेल्यात केओलिन म्हणजे शुद्ध पांढरी माती आणि फेल्डस्पारचा दगड. १२४० च्या आसपास पिकते, म्हणजे तुमच्या भट्टीत बसते. रंगही स्वच्छ पांढरा.

देवपूरची काकू

मी धुळ्यात अकरा वर्षं दिवेच करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची गोणी फसवी नव्हती, ती वेगळ्या कामाची होती. चाकावर छान चढणाऱ्या पोर्सिलेनमध्ये लोच यावा म्हणून बहुधा बॉल क्ले घातलेली असते. तिच्याबरोबर लोह आणि टायटॅनियम येतं. डोळ्याला पांढरं दिसतं, पण उजेड तिथेच अडतो. दुसरं कारण भाजणीचं असू शकतं. बऱ्याच पोर्सिलेन १२८०–१३०० अंशांना पिकतात. १२५० वर त्या टणक होतात, पण आत बारीक छिद्रं राहतात आणि प्रत्येक छिद्र उजेड विखुरतं. घरीच तपासा. भाजलेला तुकडा वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, तसाच पाण्यात गार होऊ द्या, पुसून परत वजन करा. वाढ अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर माती पिकली. जास्त असेल तर कितीही पातळ करा, दिवा मंदच राहील.

बोन चायनाबद्दल भुसावळकर भाऊंचं उजेडाचं म्हणणं खरं आहे. तरी पहिली माती म्हणून मी ती सांगणार नाही. तिच्यात लोच जवळजवळ नसतो आणि भाजणीची वाट फार अरुंद असते. थोडं कमी पडलं तर कच्ची, थोडं जास्त झालं तर लोळते. वीतभर उंच शेडला भट्टीत आतून-बाहेरून आधार द्यावा लागतो. शिवाय ती राख जनावरांच्या हाडांची असते. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट घालूनही करतात, पण विकत घेताना ते विचारावं लागतं. माझ्याकडे एक बाई कानबाईच्या रात्रीसाठी दिवे घ्यायला आल्या होत्या. मी माती कशाची ते सांगितलं, त्यांनी हातातला दिवा खाली ठेवला. मला ते योग्यच वाटलं. देवापुढे जाणारी वस्तू कशाची आहे हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे.

बाहेरदेशातली म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात लेस ब्लेकब्रो या कुंभारांनी तयार केलेली 'सदर्न आइस' अप्रतिम आहे, पण ती १२८० च्या वरची. तुमच्या भट्टीत तिचे पैसे वाया जातील.

तुम्ही १२२०–१२४० अंशांची, साच्यात ओतायची पोर्सिलेन घ्या. फेल्डस्पारऐवजी नेफेलीन सायनाइट असलेली मिळाली तर उत्तम, ते कमी उष्णतेला वितळतं. मागवण्याआधी विकणाऱ्याकडून केओलिनच्या पृथक्करणाचा कागद मागा आणि त्यात दोनच आकडे बघा, लोह आणि टायटॅनियम. दोन्ही जितके कमी तितकं बरं. कागद द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही. आणि एकदम गोणी नको, आधी दोन-दोन किलो.

आता चाक सोडा. वडिलांचा हात तुमच्यात असेल, त्यामुळे हे जड जाईल, मलाही गेलं होतं. पण दीड-दोन मिमीची एकसारखी भिंत प्लास्टरच्या साच्यातूनच येते. स्लिपला, म्हणजे साच्यात ओतायच्या पातळ मातीला, बोअरचं पाणी अजिबात वापरू नका. आपल्याकडच्या पाण्यात क्षार इतके की स्लिप पातळ ठेवणारं सोडियम सिलिकेट काम करत नाही, स्लिप दह्यासारखी बसते. माझ्या पहिल्या चार बादल्या अशाच गेल्या आणि मी मातीला दोष देत राहिले. पावसाचं नाहीतर आरओचं पाणी घ्या. एप्रिल-मेमध्ये साचे इतके तापलेले-सुकलेले असतात की स्लिप ओतताच भिंत जाड होते, काठ आधी सुकून तडकतो. मी ते दोन महिने ओतकाम पहाटे करते आणि निघालेला माल प्लास्टिकखाली ठेवते.

कलण्यावर उपाय: शेडच्या खाली त्याच मातीची कच्ची चकती ठेवून दोन्ही एकदम भाजा, मध्ये अॅल्युमिनाची पूड भुरभुरा. चकती शेडबरोबरच आकसते, त्यामुळे बूड कुठे अडत नाही.

आणि वडिलांच्या चाकापासून लांब बसा. स्पंज, बादली, फडकं, सगळं वेगळं. लाल मातीचा एक कण भाजल्यावर तपकिरी ठिपका होऊन उजेडात उठून दिसतो. आमच्याकडे वारा सुटला की काळ्या मातीची धूळ खिडकीतून येते, म्हणून मी दार लावूनच काम करते.

यावलहून

शिरांबद्दल सांगतो. उजेडात चित्र दिसणाऱ्या अशा पोर्सिलेनच्या पाट्यांना लिथोफेन म्हणतात, फ्रान्समध्ये १८२७ साली त्याचं पेटंट निघालं. सगळा खेळ जाडीचा आहे. पातळ तिथे उजेड, जाड तिथे सावली. पानाची खालची बाजू वर करून त्यावर थेट प्लास्टर ओता, म्हणजे साच्यात शिरांच्या खाचा पडतील. स्लिप ओतण्याआधी त्या खाचा ब्रशने भरून घ्या, नाहीतर भिंत सगळीकडे सारखीच जाड बसेल आणि शिरा विझतील. पान ताजं घ्या, आमच्याकडे दुपारपर्यंत ते चिंबतं.

चोपड्याची लेक

काकू, तुकडा उकळला. आधी १८६ ग्रॅम, नंतर १९१. म्हणजे अडीच टक्क्यांच्याही वर. सहा महिने मी भिंत खरवडत बसले आणि माती मुळात पिकलीच नव्हती. वडिलांना आकडे दाखवले. ते म्हणाले, आपल्या घागरीला छिद्रं हवीत म्हणून पाणी गार होतं, तुझ्या दिव्याला ती नकोत.

दोन ठिकाणांहून दोन-दोन किलो मागवते आहे, कागदासकट. एकच विचारायचं राहिलं. होल्डरसाठी ४० मिमीचं भोक लागतं. ओल्यात किती पाडू? विकणारे दोघंही १४ टक्के आकस सांगतात.

देवपूरची काकू

४० ला ०.८६ ने भागा, साडेशेहेचाळीस मिमी येतं. ४० मध्ये नुसते १४ टक्के मिळवले तर भोक लहान राहतं, ही चूक पुष्कळजण करतात. पण सांगितलेल्या १४ वर विसंबू नका. पट्टी ओता, पायऱ्यांची, १, २, ३ आणि ४ मिमी जाडीची. ओली असताना तिच्यावर बरोबर १०० मिमीची रेघ मारा, तुमच्या भट्टीत भाजा आणि रेघ परत मोजा. भाजताना पट्टीशेजारी कोन ठेवा, म्हणजे पुरेशी उष्णता लागली की वाकणारा तो मातीचा छोटा सुळका. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर सुरू झाले की विजेचा दाब पडतो, मीटर १२४० दाखवतं तरी तिथवर पोचायला लागलेला वेळ दर वेळी वेगळा असतो. मी भट्टी रात्री अकरानंतरच लावते. पट्टी निघाली की अंधाऱ्या खोलीत मागे पिवळसर एलईडी धरून बघा. पांढऱ्या उजेडात फिकट वाटणारी माती पिवळसर उजेडात पुष्कळदा फार देखणी दिसते.