मदत हवी आहे: झोंबींच्या कादंबरीतली माझी नायिका वाचकांच्या डोक्यात जातेय

आभा_लिहिते: कुमारवयीन वाचकांसाठी झोंबींची, म्हणजे उठून चालणाऱ्या मुडद्यांची, कादंबरी लिहितेय. पहिला खर्डा चौघांना दिला. चौघांचं एकच म्हणणं, "रेवा डोक्यात जाते." एकाने तर नवव्या प्रकरणातच वाचणं सोडलं. सोळा वर्षांची मुलगी चुकणारच ना? तिला शहाणी केली तर गोष्टच उरत नाही. काय बदलू? लवकर सांगा, रविवारी खर्डा पुढे पाठवायचाय.

जुना_वाचक: चुका म्हणजे नेमक्या कुठल्या? निवेदन प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी? एवढंसुद्धा लिहिलं नाहीत.

आभा_लिहिते: प्रथमपुरुषी. लपायची जागा सोडून ती रात्री बाहेर जाते. तीनदा.

पानगळ: कशासाठी?

आभा_लिहिते: भावासाठी. पण ते चौदाव्या प्रकरणात कळतं, तोच तर धक्का आहे.

पानगळ: मग झालं की! "मी, मी" म्हणत बोलणारी मुलगी तेरा प्रकरणं कारण दडवून ठेवते. वाचकाला ती मूर्खच वाटणार. भाऊ पहिल्याच प्रकरणात आणा.

रानवाट: असहमत. कारण कळलं तरी मूर्खपणा तो मूर्खपणाच. तिला लढाऊ करा. १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधली बार्बरा धक्क्याने जवळजवळ सिनेमाभर सुन्न बसून असते. १९९०च्या नव्या आवृत्तीत तिच्याच हाती बंदूक दिली.

जुना_वाचक: मला १९६८चीच बार्बरा खरी वाटते. डोळ्यांदेखत भाऊ गेल्यावर माणूस गोठतो. बंदूक दिली म्हणून स्वभाव येत नाही.

रानवाट: त्या सिनेमात तर 'झोंबी' हा शब्दही नाही, 'घूल' (प्रेतं खाणारं भूत) म्हणतात.

यंत्रकर्मी: तुमची माणसं गाडीने फिरतात का? साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांत खराब व्हायला लागतं. साथीनंतर दोन वर्षांनी किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली की मी पुस्तक मिटतो.

आभा_लिहिते: गाडी नाहीच आहे हो कादंबरीत! रेवाबद्दल बोला ना.

सांजवेळ: बाहेर जायचा पहिला प्रसंग इथे टाका बरं.

आभा_लिहिते: "दाराला बांधलेली डब्यांची दोरी मी हळूच सोडली. एक डबा दुसऱ्यावर आपटला. मी श्वास रोखला. आत कोणी हललं नाही. मी बाहेर पडले."

सांजवेळ: दोरी परत बांधली?

आभा_लिहिते: नाही. बाहेरून कशी बांधणार? दार ढकललं की डबे वाजून सगळे जागे व्हावेत, म्हणून होती ती. त्याच रात्री झोंबी आत घुसतात, म्हातारे गुरुजी जातात. रेवा खूप रडते. मग पुढच्या प्रकरणात भावाचा माग लागतो.

सांजवेळ: रडताना दोरीचं नाव काढते?

आभा_लिहिते: नाही.

सांजवेळ: राग तिथे आहे. ती बाहेर गेली हे वाचक पोटात घालेल. झोपलेल्या माणसांना उघड्यावर टाकून गेली आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही, हे नाही घालणार. चूक तशीच ठेवा. दुसऱ्यांदा निघताना तिचा हात दोरीवर थबकू दे. कुणाला तरी उठवून "मी गेले की बांध" असं म्हणू दे.

पानगळ: आणि उठलेला माणूस "कुठे निघालीस?" असं विचारणारच. भाऊ तिथेच येईल.

आभा_लिहिते: म्हणजे चौदावं प्रकरण पाडायचं. जीव तुटतोय, पण गुरुजींच्या नातीला उठवता येईल. तिला तर रेवाने तोपर्यंत काहीच सांगितलेलं नाही. आज रात्री बसते.

यंत्रकर्मी: डबे वाजल्यावर आवाजाने आणखी झोंबी येतात की नाही? ऐकू येतं का त्यांना?