शुक्रपेशीतले क्रोमॅटिन खरोखर मुके असते का?
शुक्रपेशीत क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांसह गुंडाळलेला डीएनए, इतका घट्ट बांधलेला असतो की तिथे जनुक-नियंत्रणाला (कोणते जनुक कधी चालू वा बंद राहावे याला) वावच उरत नाही, असे म्हटले जाते. घट्टपणाबद्दल दुमत नाही. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

गोल स्पर्मॅटिड (शुक्रपेशी होण्याआधीची पेशी) लांबट होऊ लागते तेव्हा हिस्टोनांवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, मोठ्या प्रमाणात अ‍ॅसिटिल गट (छोटे रासायनिक गट) चढतात, त्यांची डीएनएवरची पकड सैल होते आणि त्यांच्या जागी आधी संक्रमण-प्रथिने व नंतर आर्जिनिन या अमिनो आम्लाने भरलेली प्रोटॅमिने ही डीएनए घट्ट बांधणारी प्रथिने येऊन बसतात. या काळात प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) थांबते हे खरे, परंतु प्रोटॅमिनांचा संदेशवाहक आरएनए आधीच तयार करून काही दिवस राखून ठेवलेला असतो आणि वेळ आली की मगच त्यापासून प्रथिन बनते. म्हणजे नियंत्रण संपत नाही, त्याची पातळी बदलते. उंदरांत प्रोटॅमिन वेळेआधी बनवून पाहिले, तेव्हा स्पर्मॅटिडांची वाढ खुंटली.

शिवाय माणसात सुमारे ५ ते १५ टक्के हिस्टोन मागे राहतात. त्यांपैकी काही भ्रूणविकासाच्या जनुकांजवळ आढळतात, ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

परळच्या एका प्रयोगशाळेत मी अ‍ॅनिलिन ब्लूने रंगवलेली काचपट्टी पाहिली आहे. हा रंग लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाने युक्त हिस्टोनांना धरतो. त्यामुळे पक्व शुक्रपेशींची डोकी फिकट राहिली होती आणि हिस्टोन जास्त उरलेली मोजकीच डोकी गडद निळी दिसत होती. एकाच नमुन्यातल्या पेशींत एवढा फरक असतो, हे तिथे प्रत्यक्ष दिसले.