वारुळाजवळची अळंबी नक्की कशी ओळखायची?

पावसाळी_भटक्या: आंबोली घाट उतरलं की मामाचं गाव. मामी दर पावसात वारुळाजवळची अळंबी आणते आणि खोबरं घालून झकास भाजी करते. यावेळी मी एकटाच रानात गेलेलो तर वारुळाजवळ पांढऱ्या छत्र्यांचा ताटवाच दिसला, आणि परत येताना गवतात पण तशाच पण जाडजूड. दोन्हीचे फोटो काढलेत, टाकू का? खाण्यातली कुठली कोणी सांगेल?

झाडीपट्टीकर: आमच्याकडे सात्या म्हणतात, टेकोडे पण म्हणतात. आजी भाजीत लसूण टाकायची, काळा पडला तर सगळं फेकायचं. नाही पडला तर बिनधास्त खा.

बुरशीप्रेमी: लसणाचं कृपा करून कोणी मनावर घेऊ नका. चांदीचं नाणं काळं पडणं, गोगलगायीने कुरतडलेली म्हणजे चांगली, सगळं त्यातलंच, जीवघेण्या अमानिटा (विषारी छत्र्यांची एक जात) गोगलगायी आरामात खातात आणि त्यांना काही होत नाही. वारुळाच्या अळंबीला छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, आणि देठ जमिनीत मुळासारखा लांब जातो, थेट वाळवीने आत जोपासलेल्या बुरशीपर्यंत. ओढली की तुटते, म्हणून लोकांना हे दिसतच नाही. छत्री कापून पापुद्र्याची बाजू खाली करून कागदावर रात्रभर वाटीखाली झाकून ठेव, बीजाणूंचा ठसा गुलाबीसर यायला हवा. अमानिटाचा पांढरा येतो आणि बुडाला पिशवीसारखं आवरण असतं, ते मातीत राहतं म्हणून बूड बघितल्याशिवाय काही बोलायचंच नाही. गवतातल्या जाडजूड छत्रीचा ठसा हिरवट आला तर ती क्लोरोफायलम नावाची विषारी छत्री, खाल्ल्यावर दोनतीन तासांत उलट्याजुलाब. आणि हो, खुणा जुळल्या म्हणजे खायला हरकत नाही असं मी म्हणत नाहीये.

पावसाळी_भटक्या: मग फोटो बघून कोणीच सांगणार नाही का? नीट उकळून खाल्ली तर?

वॉर्डातली_ताई: नाही रे बाबा, अमानिटाचं विष उकळून जात नाही. त्यात फसवं काय तर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्याजुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर लिव्हर गेलेलं असतं. घरात कोणाला रानातली छत्री खाऊन त्रास झाला तर बरं वाटण्याची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि उरलेली कच्ची छत्री कागदात गुंडाळून सोबत घ्या (प्लॅस्टिकमध्ये कुजते).

बुरशीप्रेमी: फोटोत बूड नाही, ठसा नाही, त्यामुळे मी तरी हो म्हणणार नाही. मामीला जागेवर ने, तिला ते वारूळ माहीत असेल. आणि खोदून पाहायची तर बाजूने एखादीच, वारूळ फोडू नका, ही अळंबी वाळवीशिवाय येत नाही, शेडमध्ये लावता येत नाही.

पावसाळी_भटक्या: ओके, उद्या मामीला घेऊन जातो. गवतातलीचा ठसा लावलाय, त्या वाटीवर "खाऊ नका" लिहून ठेवलंय कारण घरात पोरं आहेत.