रोज १०-१२ मिनिटांत घरच्या घरी हिट (HIIT, थोडा वेळ जोरात, थोडा आराम असा आलटूनपालटून) वर्कआउट कसा बसवायचा? (उड्या न मारता) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ३९, डोंबिवलीला राहते, ऑफिस लोअर परळला. पावणेआठची लोकल पकडायची म्हणजे डबे, मुलीची शाळा, पाणी भरणं सगळं त्याआधी उरकावं लागतं आणि रात्री घरात पाय टाकेपर्यंत साडेआठ वाजतात, त्यामुळे जिम लावायचा प्रश्नच येत नाही. वडिलांना पन्नाशीच्या आत शुगर निघाली, माझंही आत्ता एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ५.९ आलंय. डॉक्टर म्हणाले गोळी नको, पण व्यायाम सुरू कराच. त्यामुळे ह्यावेळी काहीही करून जमवायचंच आहे.

डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाइडलाइन्समध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगितलाय, आणि एका वेळी निदान दहा मिनिटं तरी सलग हवाच ही जुनी अट आता काढलीय. हे वाचून मला खूप धीर आला, कारण सलग अर्धा तास मिळत नाही पण कुकर लावला की दहा-बारा मिनिटं रोज हातात असतात.

मग टबाटाबद्दल वाचलं, २० सेकंद जीव तोडून करायचं, १० सेकंद थांबायचं, असे आठ राउंड म्हणजे चार मिनिटं. पण १९९६ चा तो मूळ जपानी प्रयोग सायकलवर आणि खेळात असलेल्या तरुण मुलांवर झाला होता, सात-आठ राउंडमध्ये पार गळून जातील इतक्या जोराने. मग यूट्यूबवर जे टबाटा म्हणून दाखवतात ते माझ्यासारखीने केलं तर फायदा होतो का?

दुसरी अडचण, आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि खाली वयस्कर जोडपं आहे, सकाळी सहाला जंपिंग जॅक्स नि बर्पी (खाली वाकून दंडासारखं जायचं, उठून उडी मारायची) केले की धपधप थेट त्यांच्या बेडरूमवर. शिवाय जिना उतरताना माझा उजवा गुडघा दुखतो. सूर्यनमस्कार भरभर घातले तर ते ह्यात धरता येतील का? आणि उपाशीपोटी केलेलं चालतं का? कोणी असं रोजच्या धावपळीत बसवलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
ताई, उड्या सोडूनच द्या, त्यावाचून काही अडत नाही. जंपिंग जॅकच्या जागी एकेक पाय बाजूला टाकत हात वर न्या, बर्पीच्या जागी ओट्याला हात टेकवून दंड, आणि खुर्चीवर टेकून लगेच उठायचं, गुडघा दुखणार नाही इतकंच खाली जा. सुरुवातीला ३० सेकंद काम ३० सेकंद आराम ठेवा, २०-१० च्या मागे आत्ता लागू नका. आधी दोन-तीन मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम करा. जोर पुरेसा आहे का ते बोलून बघा, चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की बरोबर चाललंय. सूर्यनमस्कार नक्की धरा, वेग वाढवला की नाडी चांगली चढते. मी एक दिवसाआड करते, मधल्या दिवशी जेवणानंतर पंधरा मिनिटं चालते, शुगरसाठी ते चालणं अजिबात चुकवू नका. स्टेशनचा ब्रिज पायीच चढा, उतरताना सरकता जिना असेल तर तो घ्या. गोळ्या चालू नसतील तर सकाळी उपाशीपोटी इतकं थोडं करायला हरकत नसते, पण गरगरलं तर लगेच थांबा आणि पुढच्या वेळी आधी अर्धं केळं खा. एकदा बीपी तपासून घ्या आणि गुडघाही दाखवा, छातीत दुखलं तर मात्र अंगावर काढू नका.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, ओट्याचे दंड उद्या कुकर लावला की लगेच सुरू करते. फक्त एक सांगा, आमचं जेवण रात्री साडेनऊला होतं, तर ते चालणं लगेच उठून करायचं की थोडं थांबून?