फिश टँकला सोलरच्या गरम पाण्याची लाइन: करावी, की हीटरच बरे?

लश्करकर (धागाकर्ता)

वरच्या मजल्याचं काम निघालंय. भिंतींना खाचा पाडून झाल्यात आणि प्लंबर रोज सकाळी विचारतो, "भाईसाब, और कहाँ पॉइंट देना है?" गच्चीवर 300 लिटरचा ट्यूबवाला सोलर आहे, आत ऊन नसताना विजेवर पाणी तापवायला 2 किलोवॅटचा एलिमेंट. गरम पाण्याची लाइन या वेळी रिंग करतोय. छोट्या पंपाने पाणी घरभर फिरून परत सोलरच्या टाकीत जाणार, म्हणजे नळ सोडला की लगेच गरम. बादलीभर गार पाणी वाया घालवायची भानगड संपली.

माझं म्हणणं, याच रिंगवरून एक फाटा हॉलमधल्या फिश टँकला द्यावा. टँक 8 बाय अडीच बाय 2 फूट, हजारेक लिटर पाणी. मासे डिस्कस, त्यांना 29 अंश लागतात. खालच्या संपमध्ये (टँकचं पाणी जिथून फिरतं ती खालची छोटी टाकी) स्टीलची कॉइल टाकायची. गरम पाणी कॉइलच्या आतून जाईल, टँकच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. टँकमधला थर्मोस्टॅट साडेअठ्ठावीसला वॉल्व्ह उघडेल आणि 29 ला बंद करेल.

ग्वाल्हेरच्या जानेवारीत रात्री पारा 4-5 वर येतो, आमच्या जुन्या हॉलमध्ये 14 असतो. तेवढ्यासाठी 230 व्होल्टच्या हीटरच्या काचेच्या नळ्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि गच्चीवर फुकटचं गरम पाणी असताना मीटर पळवायचा, हे मला पटत नाही. सर्वांनी असंच करावं असं माझं ठाम मत आहे. फोडा आता.

मुरार मास्तर

फोडतो. कल्पना ऐकायला छान आहे, पण हिशोब आधी करू.

1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1.16 वॅट-तास लागतात. तुमच्या हजार लिटरला अंशामागे 1.16 युनिट. हा झाला एकदा तापवण्याचा खर्च. रोजचा खर्च म्हणजे काचेतून जी उष्णता बाहेर जाते तो. चारही बाजूंची काच धरली तर पावणेचार-चार चौरस मीटर. खोली 14, पाणी 29, फरक 15 अंशांचा. साध्या काचेतून साधारण साडेतीनशे वॅट जातात. वरच्या झाकणातून आणि तळातून आणखी दीडशे. म्हणजे 500 वॅट, दिवसाला 12 युनिट. 7 रुपये युनिट धरा, 84 रुपये रोज.

आता सोलर. 300 लिटर पाणी 60 अंशांना आहे आणि कॉइलमधून 35 पर्यंत उतरवून घेतलंत, तर त्यातून पावणेनऊ युनिट मिळतात. लागतात 12. म्हणजे पूर्ण टाकी माशांना दिली तरी पुरत नाही, आणि घरच्यांनी काय करायचं?

शिवाय ऊन आहे कुठे? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे कोहरा (दाट धुकं) पडला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. नेमकं माशांना गरम लागतं तेव्हाच सोलर बसलेला असतो. मग तुमचा 2 किलोवॅटचा एलिमेंट चालणार. वीज तीच, फक्त ती गच्चीवर जाळून पाइपातून खाली आणायची!

लश्करकर

मास्तर, हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. कोहरा महिनाभर सलग नसतो. ऑक्टोबरअखेर ते मार्च टँकला उष्णता लागते, त्यातले बहुतेक दिवस ऊन कडक असतं आणि खोलीही 14 ची नसते. नोव्हेंबरात फरक सहा-सात अंशांचा, म्हणजे 5-6 युनिटांत भागतं. ते सगळं फुकट. कोहऱ्याच्या दिवसांत एलिमेंट लागला तर लागू दे.

आणि खरा मुद्दा तुम्ही टाळलात. पाण्यात वीज नको. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्यासारख्या जुन्या वाड्यांत अर्थिंग म्हणजे नावाला तिसरी तार. मागच्या हिवाळ्यात हीटरची काच तडकली आणि मी हात घातल्याबरोबर झिणझिण्या आल्या. कॉइल फुटली तर फार तर पाणी पाण्यात मिसळेल.

दौलतगंजवाली

मी मासे पाळत नाही, मासे पाळणाऱ्याशी लग्न केलंय. म्हणून एक घरगुती प्रश्न. सकाळी सहाला सासूबाई आंघोळीला गेल्या आणि त्याच वेळी माशांचा थर्मोस्टॅट जागा झाला, तर गरम पाणी कुणाला आधी?

लश्करकर

वहिनी, टायमर लावता येतो. पाच ते नऊ टँकचा फाटा बंद.

मुरार मास्तर

टायमर लावा, हरकत नाही, चार तासांत टँक दीड-पावणेदोन अंश उतरेल, मासे मरणार नाहीत. पण वहिनींच्या प्रश्नाने एक मोठी गोष्ट आठवली, ती या धाग्यात कुणी काढलीच नाही: रिंग.

रिंगमध्ये पाणी फिरत राहणार म्हणजे पाइप दिवसरात्र तापलेला. 50 अंशांचं पाणी, बाहेर 14 ची हवा, उघडा पाऊण इंची पाइप. मीटरमागे साधारण 20 वॅट धरा. गच्चीवरून खाली, दोन बाथरूम, स्वयंपाकघर, हॉल आणि परत वर, 30 मीटर सहज. 600 वॅट! टँक जेवढी उष्णता खातो त्यापेक्षा जास्त तुमच्या भिंती खातील. पाइपावर काळा फोम चढवला तर निम्म्याहून कमी होईल, पण तो भिंतीच्या खाचेत मावायला खाच रुंद लागते. प्लंबरला विचारलंत का?

नळकाम_ग्वाल्हेर

मी या धंद्यातला, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलतो.

मास्तर म्हणतात ते खरं आहे. बहुतेक लोक रिंग करतात आणि इन्सुलेशनचे पैसे वाचवतात, मग सोलर संध्याकाळपर्यंत कोमट. पंप 24 तास चालवायचा नसतोच. परतीच्या पाइपावर थर्मोस्टॅट लावायचा, पाणी 40 च्या खाली गेलं की पंप चालू, वर गेलं की बंद.

कॉइलचं सांगतो. कॉइलचं पाणी 50 आणि टँक 29 असेल तर 12 मिलिमीटरच्या स्टील पाइपाची तीन-चार मीटर लांबी 500 वॅट द्यायला पुरते, पण संपमध्ये कॉइलभोवती पाणी जोरात फिरलं पाहिजे, कोपऱ्यात टाकून चालत नाही. स्टील 316 घ्या, जोड पाण्याबाहेर ठेवा. पांढरा प्लास्टिक पाइप गुंडाळून कॉइल करू नका, त्यातून उष्णता नीट जात नाही, खूप लांब लागतो. आणि तांबं तर अजिबात नको. उष्णता छान देतं, पण पाण्यात उतरतं. माशांना त्रास होतो, झिंगे आणि गोगलगाई तर मरतातच.

बोअरचं पाणी भरत असाल तर गरम कॉइलवर खार बसतो. वर्षातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये बुडवावी लागेल. तिघऱ्याच्या धरणाच्या पाण्याला हा त्रास कमी.

बंबवाला

तांबं नको म्हणता? आमच्या आजोबांचा तांब्याचा बंब अजून अंगणात आहे. त्यालाच दोन तोट्या बसवून हॉलपर्यंत पाइप आणायचा विचार होता. लाकूड फुकट, कोहरा असो नसो, वीज असो नसो.

लश्करकर

बंब तांब्याचा असला तरी चालेल हो, त्याचं पाणी टँकमध्ये जाणार नसेल तर. पण रात्री दोनला उठून लाकूड कोण सारणार? बंबाला थर्मोस्टॅट नसतो.

बंबवाला

थर्मोस्टॅट होता, त्याला आम्ही आजी म्हणायचो. हलके घ्या.

इंदूरी_शेव

आमच्याकडे इंदूरला थंडी तुमच्याइतकी नसते, माझ्या 300 लिटरच्या टँकला एक 300 वॅटचा हीटर पुरतो. तुम्ही लोक इतका खटाटोप का करता? गोल्डफिश पाळा. थंड पाण्यात मजेत राहतात, हीटर नको, कॉइल नको.

दौलतगंजवाली

+1. आमच्याकडे ऐकतंय कोण!

लश्करकर

डिस्कस पाळणाऱ्याला गोल्डफिश पाळा म्हणणं म्हणजे गाणाऱ्याला तबला वाजव म्हणण्यासारखं आहे. तेही तानसेनाच्या गावात. असो.

मास्तर, एक उत्तर द्या. आपल्याकडे लाइट जाते. हीटर 500 वॅटचे, इन्व्हर्टरवर टाकले की बॅटरी दोन-तीन तासांत बसते. माझा फिरवणारा पंप 40-50 वॅटचा, तो रात्रभर चालेल. गच्चीवर गरम पाणी साठलेलं आहेच. इथे तरी माझी बाजू खरी ना?

मुरार मास्तर

अर्धी. हजार लिटर पाणी म्हणजे स्वतःच बॅटरी. 500 वॅट जातात, अंशामागे 1.16 युनिट, म्हणजे तासाला अर्ध्या अंशाहूनही कमी उतरतं. तीन तास लाइट गेली तर सव्वा अंश. इन्व्हर्टरवर हीटर टाकायचाच नसतो, एअर पंप टाकायचा. भरलेल्या टँकमध्ये हवा बंद झाली तर थंडीच्या आधी मासे गुदमरतात, कारण 29-30 च्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसातच्या आसपास.

आता तुमच्या वॉल्व्हची भीती सांगतो. तो उघडाच अडकला तर? 60 अंशांचं पाणी कॉइलमधून फिरत राहिलं तर दीड किलोवॅट सहज जाईल. निव्वळ 1 किलोवॅट टँकमध्ये जमा, तासाला जवळजवळ 1 अंश. रात्री अकराला अडकला तर सकाळी सातला 35-36. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडझाप करणारे दरवाजे खडकवासल्याला बसले, आपल्या तिघऱ्याला बसले, पण बाजारातला पाचशे रुपयांचा वॉल्व्ह विश्वेश्वरय्यांनी केलेला नसतो. याउलट 300-300 वॅटचे दोन हीटर लावा. एक अडकून चालूच राहिला तरी एकटा तो टँक उकळू शकत नाही, एक बंद पडला तरी दुसरा धरून ठेवतो.

विजेच्या भीतीवर उपाय पाइप नाही. विजेची गळती झाली की ट्रिप होणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच आणि खरं अर्थिंग हा उपाय. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. ते अर्थिंग घराला तसंही हवंच, मासे असोत नसोत.

आणि सगळ्यात आधी थर्मोकोल. टँकची मागची बाजू आणि दोन्ही कडांना 1 इंची शीट चिकटवा, 170 वॅट तिथेच वाचतात. 12 युनिटांचे 8 होतात. झाकण पूर्ण बंद करा. तुमच्या स्लायडिंग काचेत चार बोटांची फट आहे हे मी फोटोत पाहिलंय. 1 लिटर पाणी उडतं तेव्हा दोनतृतीयांश युनिट घेऊन उडतं. रोज 5 लिटर वर भरत असाल तर सव्वातीन युनिट त्या फटीतून जातात. आधी हे करा, मग कुठली लाइन लागते बघू.

नळकाम_ग्वाल्हेर

फटीबद्दल सहमत. वॉल्व्हबद्दल एवढंच, दोन लावा एकामागे एक, दुसऱ्याचा थर्मोस्टॅट वेगळा, 30 ला सेट. दोन्ही एकाच रात्री अडकायला नशीब फार वाईट लागतं.

लश्करकर

थर्मोकोल आणि झाकण उद्याच. अर्थिंगसाठी माणूस बोलावलाय. फोम चढवण्यासाठी खाच रुंद करायला प्लंबर तयार आहे, पैसे वाढवून मागतोय.

पण लाइन मी टाकणारच. भिंत आज उघडी आहे, पुन्हा दहा वर्षं कुणी फोडू देणार नाही. 8 युनिट लागणार असतील तर मास्तरांच्याच आकड्याने माझा सोलर ते ऊन असलेल्या दिवशी देऊ शकतो, आणि दुपारी चारला टाकी भरून तापलेली असताना घरात आंघोळ कुणी करत नाही. दुपारीच टँक 30 पर्यंत नेऊन ठेवायचा, रात्री तो हळूहळू उतरेल. दोन हीटर राहतील संपमध्ये, 28 ला सेट करून, कोहऱ्यासाठी.

मुरार मास्तर

म्हणजे शेवटी हीटर राहिलेच! रोज दीड-दोन अंशांची चढउतार डिस्कसला मानवेल का, यावर माझं मत वेगळं आहे. त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तर पहिला फोन मला करू नका.

दौलतगंजवाली

दुपारी चारला आंघोळ कुणी करत नाही हे कुणी सांगितलं? शाळेतून आलेली दोन मुलं आहेत आमच्याकडे, चिखलात लोळून येणारी.