मदत हवी आहे: आधी सही की आधी एन्क्रिप्शन?

आमचा आणि समोरच्यांचा असे दोन सर्व्हर एकमेकांना ऑर्डरचे मेसेज पाठवतात. मध्ये एक क्यू (मेसेज रांगेत ठेवून पुढे देणारी यंत्रणा) आहे. टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) तिथे संपतं आणि मेसेज उघडा पडतो. क्यू काढून टाकता येणार नाही, हे आधीच सांगतो.

सुरुवातीला सोबत नुसता एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून किल्लीशिवाय काढलेला ठसा) पाठवला. बावळटपणाच तो, मेसेज बदलणारा हॅशही नव्याने काढेल! मग ३२ बाइटची सामायिक किल्ली घेऊन एचमॅक (किल्ली मिसळून काढलेला हॅश) लावला. तरी जुनाच मेसेज पुन्हा पाठवला तर पास व्हायचा, म्हणून आत वेळ आणि नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) टाकला. ५ मिनिटांपेक्षा जुनं किंवा तोच नॉन्स परत आला की नाकारतो. इथवर ठीक.

अडलंय पुढे. समोरचे म्हणतात "ही ऑर्डर तुमचीच", आम्ही म्हणतो नाही. किल्ली दोघांकडे एकच, त्यामुळे एचमॅक कोणीही काढलेला असू शकतो; तिसऱ्यासमोर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून एड२५५१९ ही डिजिटल सही जोडतोय (तिची खाजगी किल्ली फक्त सही करणाऱ्याकडे असते; तिचे ६४ बाइट जड नाहीत), आणि मजकूर गुप्त राहावा म्हणून एईएस-जीसीएम (हे एन्क्रिप्शन मजकूर बदलला का हे तपासणारा टॅगही जोडतं).

सही आधी आणि एन्क्रिप्शन नंतर केलं, तर घेणारा मेसेज उलगडून तोच सहीचा मजकूर तिसऱ्यासाठी एन्क्रिप्ट करून आमच्या नावाने पुढे ढकलू शकतो ना? सही होणाऱ्या मजकुरातच घेणाऱ्याची ओळख घातली तर पुरतं, की क्रम उलटाच हवा? आणि जीसीएमचा टॅग असताना जुना एचमॅक काढून टाकला तर चालेल का?