मदत हवी आहे : २४ ग्रॅम मॅग्नेशियम आणि माझं शाळेतलं रसायनशास्त्र

शाळा सुटून पंधरा वर्षं झाली. तेव्हा रसायनशास्त्र घोकून पास झाले आणि पेपर संपताच विसरून गेले. आता एका प्रवेश परीक्षेसाठी तेच पुन्हा उघडून बसलेय. अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग इथपर्यंत बरं चाललं होतं. समीकरणांपाशी गाडी अडली.

कालचं गणित : २४ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळलं तर मॅग्नेशियम ऑक्साइड किती मिळेल? डावीकडे ओ-टू, म्हणजे ऑक्सिजनचे दोन अणू. उजवीकडे एमजी-ओ, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, त्यात एकच. म्हणून मी उजवीकडच्या ओच्या पायाशी २ लिहिला. दोन्ही बाजू जुळल्या! मॅग्नेशियमचे २४ अधिक दोन ऑक्सिजनचे (१६ दुणे) ३२, उत्तर ५६ ग्रॅम. पुस्तकात ४० आहे. छपाईची चूक असेल असंही वाटून गेलं.

दुसरं म्हणजे तो मोल. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात हे पाठ आहे, पण कशासाठी, ते कळत नाही. आणि आवर्तसारणी सगळी पाठ करायची का? हसू नका प्लीज.

प्रतिसाद १
हसतंय कोण! ही चूक जवळजवळ प्रत्येकाने केलेली असते. गंमत म्हणजे तुम्ही लिहिलेला पदार्थ खरंच असतो, मॅग्नेशियम पेरॉक्साइड. फक्त मॅग्नेशियमची फीत जाळून तो मिळत नाही.

पायाशी लिहिलेला आकडा पदार्थ कोणता ते सांगतो, त्याला हात लावायचा नाही. पाण्यात एक ओ वाढवला की हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, ते काही कोणी पिणार नाही. तोल साधायचा तो सूत्राच्या पुढे आकडा लिहून : २ एमजी + ओ-टू → २ एमजी-ओ. म्हणजे ४८ अधिक ३२, ८०. निम्मं केलं की ४०.

एकास एकच का, तर संयुजेमुळे, म्हणजे अणू किती इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो त्यामुळे. बाहेरच्या कवचात आठ पूर्ण व्हावेत अशी ओढ असते. मॅग्नेशियमची इलेक्ट्रॉन मांडणी २, ८, २ आणि ऑक्सिजनची २, ६. एकाला दोन द्यायचेत, दुसऱ्याला दोन हवेत. सौदा तिथेच मिटतो.

प्रतिसाद २
मोलबद्दल. समजा ढीगभर नट आणि बोल्ट आहेत, आणि एक बोल्ट एका नटाच्या दीडपट जड आहे. दोन्ही सारख्या संख्येने हवेत, तर मोजत बसायची गरज नाही. नट १६ किलो घ्या, बोल्ट २४ किलो. झालं. ऑक्सिजनचं अणुवस्तुमान १६ आणि मॅग्नेशियमचं २४, तिथेही हाच हिशोब. अणू जुळतात ते संख्येने, आपल्या हातात असतो तराजू. १६ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जेवढे अणू, तेवढेच २४ ग्रॅम मॅग्नेशियममध्ये, आणि ती संख्या म्हणजे तुमचा तो पाठ केलेला आकडा. तेवढ्या अणूंचा गठ्ठा म्हणजे एक मोल. गणितं करताना तो क्वचितच लिहावा लागतो, खरं तर.

आवर्तसारणी पाठ करू नका. पहिल्या २० मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉन मांडणी कागद न बघता लिहिता आली की सुरुवातीला पुष्कळ झालं.

धागाकर्ती
ॲल्युमिनियमवर करून पाहिलं. मांडणी २, ८, ३, म्हणजे द्यायचे तीन. ऑक्सिजनला हवेत दोन. मग दोन ॲल्युमिनियमचे सहा इलेक्ट्रॉन तीन ऑक्सिजनला पुरतात. ४ ॲल्युमिनियम + ३ ओ-टू → २ ॲल्युमिनियम ऑक्साइड. ५४ ग्रॅमला ४८ ग्रॅम ऑक्सिजन, एकूण १०२. आलं!!

पण लगेच पुढच्या पानावर लोखंड. त्याची संयुजा एकदा २, एकदा ३. आता?

प्रतिसाद १
लोखंड २६ वं, पहिल्या विसात नाही, त्यामुळे ती सोपी युक्ती तिथे चालत नाही. नावाकडे बघा : फेरस म्हणजे २, फेरिक म्हणजे ३. का, ते नंतर. आधी फेरिक क्लोराइडचं सूत्र लिहून इथे टाका.

धागाकर्ती
एक लोखंड, तीन क्लोरीन?

प्रतिसाद १
बरोबर.